वेड्यांच्या इस्पितळातून बाहेर आला आणि सगळं स्वतःच्या नावानिशी छापलं

दरवर्षी १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या पोस्ट तुम्हाला दिसत असतील. हा दिवस सुरू करणाऱ्या संघटनेची मुळं शोधत गेलं की अमेरिकेतल्या विमा कंपनीचा एक कारकून सापडतो. क्लिफर्ड बीअर्स.

जन्म १८७६ चा, न्यू हेवनचा. येल विद्यापीठात शिकत असताना त्याच्या मोठ्या भावाला फिट येऊ लागल्या आणि क्लिफर्डच्या डोक्यात बसलं, आता आपला नंबर. फिट त्याला कधीच आली नाही. पण भर वर्गात, सगळ्यांसमोर येईल या धास्तीने उभं राहून उत्तर देणंही जमेना. शेवटी प्राध्यापकांना सांगून त्याने त्यातून सूट घेतली. १८९७ ला पदवी मिळाली, पुढे न्यूयॉर्कला नोकरी. वरून सगळं ठीक.

१९०० मध्ये त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला. वाचला. पुढची तीन वर्षं कनेक्टिकटमधल्या तीन इस्पितळांत गेली.

तिथे एक भलताच भ्रम झाला. भेटायला येणारे घरचे लोक तोतये आहेत, पोलिसांचे हेर आहेत! सख्खा भाऊ जॉर्जसुद्धा. दोन वर्षं हेच चाललं. मग क्लिफर्डने युक्ती केली. दुसऱ्या एका रुग्णाकरवी जॉर्जच्या पत्त्यावर गुपचूप पत्र धाडलं : येताना हेच पत्र सोबत आण. तोतया असेल तर त्याच्याकडे पत्र असणारच नाही. ३० ऑगस्ट १९०२ ला जॉर्ज आला आणि त्याने खिशातून ते पत्र काढलं. भ्रम तिथेच गळून पडला.

पण आजार पालटला. आता उन्माद. सेवकांनी मारहाण केली, हात आवळून बांधणाऱ्या जाकिटात रात्रच्या रात्र ठेवलं. त्याने थेट गव्हर्नरला तक्रारीचं पत्र लिहिलं.

१९०३ ला सुटका झाली. घरात असा रुग्ण असेल तर लोक लपवायचे, तो काळ. क्लिफर्डने १९०८ मध्ये 'अ माइंड दॅट फाउंड इटसेल्फ' हे पुस्तक खऱ्या नावाने काढलं. मारहाण लिहिली, तसे स्वतःचे भ्रमही लिहिले. दुसरं जास्त अवघड असावं. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स पाठीशी उभे राहिले.

त्याच वर्षी कनेक्टिकटमध्ये संस्था, १९०९ मध्ये देशपातळीवरची समिती. १९१३ मध्ये न्यू हेवनला दवाखाना निघाला, जिथे भरती न होताही उपचार मिळत. त्याच्या चळवळीतूनच पुढे १९४८ मध्ये जागतिक मानसिक आरोग्य महासंघ उभा राहिला. १० ऑक्टोबर हा दिवस १९९२ मध्ये सुरू केला तो याच महासंघाने.

अशा गोष्टी सहसा आजारावर विजय मिळवला म्हणून संपवतात. इथे तसं झालं नाही. १९३९ मध्ये त्रास पुन्हा वाढला, तेव्हा क्लिफर्ड प्रॉव्हिडन्सच्या बटलर इस्पितळात स्वतःहून भरती झाला. १९४३ मध्ये तिथेच वारला.