लिझे माइटनर : हक्काच्या प्रयोगशाळेसाठी चाळीस वर्षे

शास्त्रज्ञाला नुसती बुद्धी पुरत नाही. काम करायला खोली लागते, उपकरणे लागतात, मदतनीस लागतात आणि पोटापुरता पगारही लागतो. या चार गोष्टी मिळविण्यात लिझे माइटनर यांच्या आयुष्याची कितीतरी वर्षे गेली. संशोधनाकडे वळणाऱ्या आपल्या तरुण मुलामुलींनी त्यांचे चरित्र अवश्य जाणून घ्यावे.

त्यांचा जन्म १८७८ साली व्हिएन्ना येथे एका यहुदी वकिलाच्या घरी झाला. आठ भावंडांत त्या तिसऱ्या. त्या काळी तेथे मुलींची शाळा चौदाव्या वर्षी संपे. पुढचा अभ्यास खाजगी रीतीने करून त्यांनी १९०१ मध्ये विद्यापीठात प्रवेश मिळविला व १९०६ मध्ये पदार्थविज्ञानाची डॉक्टरेट घेतली. १९०८ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तरी पुढे नाझींच्या लेखी त्या यहुदीच राहिल्या.

१९०७ मध्ये त्या बर्लिनला गेल्या. ऑटो हान या रसायनशास्त्रज्ञाबरोबर किरणोत्सर्गावर काम करायचे ठरले. परंतु संस्थेचे प्रमुख एमिल फिशर स्त्रियांना आत येऊ देत नसत. शेवटी सुतारकामाची एक जुनी खोली मिळाली. अट अशी की, बाहेरच्या वेगळ्या दाराने ये-जा करावी आणि वरच्या प्रयोगशाळांत पाऊल ठेवू नये. पगार एक पैही नव्हता. वडील जे पाठवीत त्यावर गुजराण. प्रशियाची विद्यापीठे १९०८ मध्ये स्त्रियांना खुली झाल्यावर ही बंदी उठली.

१९१२ साली दोघे नव्या कैसर विल्हेल्म संस्थेत गेले. हान पगारी नोकर, लिझेबाई बिनपगारी पाहुण्या. त्याच वर्षी माक्स प्लांक यांनी त्यांना आपल्या हाताखाली सहाय्यक नेमले, तेव्हा कुठे पहिला पगार हाती आला. १९१४ मध्ये प्राग विद्यापीठाने त्यांना बोलावले. त्या जाऊ नयेत म्हणून प्लांक यांनी फिशर यांच्याकडे शब्द टाकला आणि पगार दुप्पट झाला. काम तेच, बाई त्याच. पण दुसरीकडून मागणी आली तेव्हाच घरच्यांना किंमत कळली. १९१७ साली त्यांना स्वतःचा विभाग मिळाला व १९२६ मध्ये त्या प्राध्यापक झाल्या. पदार्थविज्ञानात हा मान मिळविणाऱ्या जर्मनीतील त्या पहिल्या स्त्री होत.

हे सारे कमावलेले पुढे हातचे गेले. १९३३ मध्ये शिकविण्याचा हक्क काढून घेण्यात आला. ऑस्ट्रियाच्या नागरिकत्वामुळे संस्थेतील काम कसेबसे चालू होते. पण १९३८ च्या मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि ते छत्रही उडाले. जुलैमध्ये त्या लपतछपत हॉलंडमध्ये शिरल्या. पाकिटात दहा मार्क आणि वेळ पडली तर पहारेकऱ्याला द्यायला हान यांनी दिलेली हिऱ्याची अंगठी, एवढीच पुंजी.

त्यांना स्टॉकहोम येथे मान्ने सीगबान यांच्या संस्थेत आसरा मिळाला. पळून आलेल्या माणसाने अटी कुठल्या घालाव्यात? बसायला जागा मिळाली, पण उपकरणे नाहीत, मदतनीस नाहीत आणि पगार नवशिक्या सहाय्यकाइतका. तशातही त्या डिसेंबरात हान यांचे पत्र आले: युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा केल्यावर बेरियम सापडले होते. साठ वर्षांच्या लिझेबाई व त्यांचा भाचा ऑटो फ्रिश यांनी कागदावर गणित मांडून अणूचे केंद्र दुभंगते हे सिद्ध केले. प्रयोगशाळा बर्लिनला राहिली होती. रसायनशास्त्राचे १९४४ चे नोबेल एकट्या हान यांना मिळाले.

१९४७ मध्ये स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठाने त्यांना खोल्या, मदतनीस व प्राध्यापकाचा पगार दिला. युद्धानंतर जर्मनीतील माइन्त्स येथूनही बोलावणे आले होते. ते मात्र त्यांनी नाकारले. १९६८ साली केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले. १९९७ पासून १०९ व्या मूलद्रव्याला त्यांचे नाव आहे.

आपल्या मुलांना कोणी जागा देऊ केली तर आनंद जरूर मानावा. पण होकार देण्यापूर्वी खोली कोणती, यंत्रे कोणती, मदतीला कोण आणि पगार किती, हे विचारून घ्यावे व लेखी घ्यावे. होकार दिल्यावर आपला शब्द हलका होतो. लिझेबाईंना १९३८ मध्ये असे विचारण्याची सवड नव्हती. आपल्या मुलांना ती आहे, तेव्हा संकोच करू नये.