प्लेगच्या साथीतील सावित्रीबाई

सावित्रीबाई फुले म्हटले की आपल्याला १८४८ सालची पुण्यातील मुलींची शाळा आठवते. मला मात्र १८९७ च्या प्लेगमधील सावित्रीबाई अधिक जवळच्या वाटतात.

३ जानेवारी १८३१ रोजी नायगावी जन्मलेल्या बाई तेव्हा सहासष्ट वर्षांच्या होत्या. जोतीराव १८९० मध्येच निवर्तले होते. साथ पसरताच बाईंनी दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांना बोलावून गावाबाहेर, हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात दवाखाना काढविला. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील गायकवाडांचा आजारी मुलगा त्यांनी स्वतःच्या पाठीवरून तेथे आणला. मुलगा वाचला; बाईंना लागण झाली आणि १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला.

त्याच महिन्यात रँडसाहेबाचे सोजीर पुण्यात घरोघर झडत्या घेऊ लागले. धास्तावलेले लोक रोगी लपवू लागले. बाईंच्या हाती मात्र वस्तीने आपले मूल दिले. तो विश्वास शाळांनी, १८७७ च्या दुष्काळातील अन्नछत्रांनी आणि सत्यशोधक समाजाच्या कार्याने आधीच कमावलेला होता. साथ येण्यापूर्वीच माणसे जोडावी लागतात, हा धडा मी त्यांच्या चरित्रातून घेतो.