बत्तीस रुपये सारा आणि एक मत

निवडणूक आली की आपल्या सोनगीरच्या केंद्रावर रांग लागते. मोठा बागायतदार आणि त्याच्याच शेतात निंदणीला जाणारी बाई त्या रांगेत मागे-पुढे उभे असतात. कोणी सातबारा मागत नाही. पण हे पहिल्यापासून असेच होते असे समजू नका.

१९१९ च्या कायद्याने मुंबई कौन्सिलसाठी मताचा हक्क दिला, तो ऐपत पाहून. खेड्यात बहुतेक जिल्ह्यांत निदान ३२ रुपये सारा भरणारी जमीन लागे. हिशेब करून बघा. एकरी रुपया सारा धरला तरी बत्तीस एकर झाले. मग कोरडवाहू पाच एकरवाला कुठे राहिला? सालदार, मजूर, बलुतेदार तर दूरच.

ही भिंत पाडण्यासाठी तीस वर्षे झगडलेले एक नाव म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. जन्म १४ एप्रिल १८९१, महू येथे. वडील रामजी लष्करात सुभेदार. अमेरिकेत अर्थशास्त्र शिकून आल्यावर १९१८ साली त्यांनी शेतीच्या लहान तुकड्यांवर निबंध लिहिला, हे आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत असेल. जमिनीचे गणित त्यांना पक्के ठाऊक होते.

जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. वय अवघे सत्तावीस. अस्पृश्यांना जमीन आणि धंदा मिळू द्यायचा नाही आणि मालमत्ता नाही म्हणून मतही द्यायचे नाही, हा दुहेरी अन्याय त्यांनी मांडला. १९२८ साली सायमन कमिशनपुढे तर सर्व प्रौढांना मत हीच मागणी केली. त्यांचे म्हणणे सरळ होते: मत हे श्रीमंतीचे बक्षीस नव्हे. ज्याच्याजवळ काही नाही, त्यालाच कायद्याच्या संरक्षणाची जास्त गरज. १९३२ च्या लोथियन मताधिकार समितीवरही ते सभासद होते. १९३५ च्या कायद्याने अटी सैल झाल्या, पण ऐपतीची अट गेली नाही.

१९३७ मध्ये ते मुंबई विधानसभेवर निवडून आले. त्याच वर्षी ३१ जुलैला कोर्टाच्या कामासाठी ते धुळ्यास आले होते. लळिंगच्या लांडोर बंगल्यावर त्यांची आठवण म्हणून त्या दिवशी आजही लोक जमतात. पुढे सप्टेंबरात त्यांनी कोकणातली खोती रद्द करण्याचे बिल मांडले. मताचा उपयोग कुळासाठी कसा करायचा, ते असे दाखवले.

स्वातंत्र्यानंतर ते घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. प्रौढ मतदान हे काही एकट्याचे काम नव्हते, ते साऱ्या घटना समितीने मान्य केले. कलम ३२६ आले आणि साऱ्याची, शिक्षणाची अट गेली. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत १७ कोटींवर मतदार होते. आणि नवल बघा, त्याच निवडणुकीत बाबासाहेब स्वतः मुंबईत पडले! १९५४ साली भंडाऱ्यातही हरले.  ६ डिसेंबर १९५६ रोजी ते गेले.

मत सारखे झाले, पण पोटापाण्याची विषमता राहिली तर लोकशाहीच धोक्यात येईल, असे त्यांनी १९४९ मध्येच बजावले होते. ते आजही खरे आहे. कायद्यातली भिंत पडली, पण एक दिवसाची रोजी बुडेल म्हणून मजूर केंद्रावर जात नाही. घर चालवायला कोणी सुरतेला गेलेला असतो.

तेव्हा ध्यानात ठेवा. घरपट्टी थकली म्हणून मतदारयादीतून नाव जात नाही, तसे कोणी सांगितले तर ऐकू नका. लोकसभा-विधानसभेच्या मतदानाला कामगाराला भरपगारी सुटीचा कायदेशीर हक्क आहे, रोजंदारीवाल्यालाही. मालक शेतकऱ्यांनी त्या दिवशी मजुराला आपणहून मोकळे करावे. तलाठी, ग्रामसेवक मंडळींनी यादी चावडीवर वाचून दाखवावी. पोरगा-पोरगी अठराची झाली की नमुना ६ भरा. या एका नावासाठी पूर्वी बत्तीस रुपये सारा लागत होता.