नगरांचा कथेकरी : इटालो काल्व्हिनो

परमुलुखात वसलेल्या घरांत मुलाचे नाव ठेवण्याला एक वेगळेच महत्त्व असते. कुळाची, मूळ गावाची, भाषेची आठवण त्या नावात बांधून ठेवावी असे आईबापांना वाटते. शिंदे-होळकर-गायकवाडांच्या पाठोपाठ येऊन इकडे स्थिरावलेल्या घराण्यांना हे निराळे सांगायला नको. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी क्यूबा बेटावर, हवाना शहराजवळच्या सांतियागो दे लास व्हेगास या गावी एका इटालियन दांपत्याला मुलगा झाला, तेव्हा आईने त्याचे नाव इटालो ठेवले ते याच भावनेने. मुलगा परदेशी वाढणार. निदान नावाने तरी त्याला मायदेश स्मरावा. पण दैवाचा खेळ असा की, मूल दोन वर्षांचे होते न होते तोच, १९२५ साली, हे कुटुंब इटलीत परतले. मुसोलिनीची राजवट तेव्हा चांगलीच मूळ धरू लागली होती. क्यूबात जे नाव जिव्हाळ्याचे ठरले असते ते इटलीत राष्ट्राभिमानाच्या नगाऱ्यासारखे वाजू लागले, आणि ज्याला ते चिकटले त्याला पुढे ते जरा भडकच वाटत असे.

वडील मारिओ काल्व्हिनो हे कृषिशास्त्रज्ञ. मेक्सिको आणि क्यूबा येथे नोकरी करून आलेले. आई एव्हा मामेली सार्डिनिया बेटावरची, स्वतः नावाजलेली वनस्पतिशास्त्रज्ञ. ज्या काळी इटलीतल्या विद्यापीठांत स्त्रीने शिकवावे हेच नवल होते, त्या काळी, १९१५ साली, तिने वनस्पतिशास्त्राच्या अध्यापनाचा अधिकार मिळवला होता. सानरेमो या समुद्रकाठच्या गावी या दोघांनी फुलझाडांचे संशोधन केंद्र चालवले. घराभोवतीच्या बागेत दूरदूरच्या देशांची झाडे. धाकटा भाऊ फ्लोरियानो पुढे भूगर्भशास्त्रज्ञ झाला. अशा शास्त्रनिष्ठ घरात थोरल्या मुलाने कथाकादंबऱ्या लिहाव्यात हा घरच्यांच्या दृष्टीने काहीसा घसरलेलाच प्रकार! त्यानेही आधी वडिलांच्या समाधानासाठी तुरिनच्या कृषिविद्यालयात नाव घातले. पण मन तिथे नव्हते.

१९४३ मध्ये जर्मनांनी इटली व्यापली आणि कृषिविद्येचा प्रश्न आपोआप मागे पडला. मुसोलिनीच्या उरल्यासुरल्या सरकारने तरुणांना सैन्यात भरती होण्याचे हुकूम काढले. इटालोने ते मानले नाहीत. काही काळ लपून राहून १९४४ साली, धाकट्या भावासह, तो लिगुरियाच्या डोंगरांत लढणाऱ्या गनिमी दलात सामील झाला. तिथे त्याने टोपणनाव घेतले सांतियागो, आपल्या जन्मगावाचे. मुले डोंगरात गेली म्हणून आईबापांना ओलीस धरण्यात आले. बायकोच्या डोळ्यांदेखत नवऱ्याला गोळ्या घालण्याचे सोंग फॅसिस्ट शिपायांनी एकदा नव्हे, तीनदा केले. तरीही त्या बाईने मुलांचा ठावठिकाणा ओठांबाहेर पडू दिला नाही. काल्व्हिनोच्या लेखनात पुढे जी एक हलकी, खेळकर चाल आढळते, तिच्यामागे हे दिवस आहेत हे विसरून चालत नाही. हलकेपणा हा त्याचा स्वभाव नव्हता. तो त्याने कमावला होता.

युद्ध संपल्यावर त्याने शेतकीला रामराम ठोकला, तुरिनमध्येच वाङ्मयाचा अभ्यास केला आणि १९४७ मध्ये जोसेफ कॉनरॅडवर प्रबंध लिहून पदवी घेतली. त्याच वर्षी गनिमी लढ्यावरची पहिली कादंबरी निघाली. एइनाउदी या प्रकाशनसंस्थेत कादंबरीकार चेझारे पाव्हेझे याने त्याला हाताशी धरले होते; त्याने काही लिहिले की पहिला वाचक पाव्हेझे. १९५० मध्ये पाव्हेझेने आत्महत्या केली आणि हा आधार अकस्मात तुटला. एइनाउदीची नोकरी मात्र त्याने पुढे वर्षानुवर्षे केली. दुसऱ्यांची हस्तलिखिते वाचायची, लेखकांना पत्रे धाडायची, हे काम त्याने जेवढ्या आस्थेने केले तेवढे स्वतःच्या पुस्तकांसाठीही क्वचितच केले असेल. १९५६ साली निघालेला इटालियन लोककथांचा संग्रह ही याच चाकरीतली कमाई. निरनिराळ्या प्रांतांच्या बोलींतल्या २०० कथा त्याने जुन्या संग्राहकांच्या दप्तरांतून निवडून प्रमाण इटालियनमध्ये नव्याने सांगितल्या. कथा कशी सांगावी हे तो इथे शिकला असे मला वाटते.

त्याच १९५६ च्या अखेरीस हंगेरीत रशियन रणगाडे शिरले. काल्व्हिनो युद्धकाळापासून कम्युनिस्ट पक्षाचा सभासद. पक्षाच्या वृत्तपत्रात त्याने लिहिलेले. पक्ष सोडायचा म्हणजे ज्यांच्याबरोबर डोंगरात जीव धोक्यात घातला त्यांनाच सोडायचे. त्या हिवाळ्यात तो एक कादंबरी लिहीत होता. अठराव्या शतकातला बारा वर्षांचा एक उमराव-पुत्र जेवणाच्या ताटात गोगलगाई वाढल्या म्हणून रागावून झाडावर चढतो, आणि मरेपर्यंत जमिनीला पाय लावत नाही. पण वरून तो साऱ्यांची खबर घेतो, पुस्तके वाचतो, प्रेम करतो, लढायाही करतो. १९५७ मध्ये ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी काल्व्हिनोने पक्षाचा राजीनामा दिला. माणसांपासून दूर न जाता त्यांच्या पंक्तीतून मात्र उठायचे, हा पेच त्या झाडावरच्या उमरावाचा होता तसाच त्याचाही होता. पुष्कळ समीक्षक या कादंबरीला नुसती परीकथा म्हणतात. ते मला पटत नाही.

त्याच सुमारास दुसरे एक दुःख त्याला जाळत होते. सानरेमो बदलत चालले होते. युद्धानंतरच्या पैशाने समुद्रकाठच्या बागा विकल्या जाऊ लागल्या आणि तिथे सिमेंटच्या पाचमजली, सातमजली इमारती उठू लागल्या. बागेचा तुकडा विकणाऱ्या एका घराची आणि जमिनीच्या सट्ट्याची कथा त्याने १९५७ मध्येच लिहिली. ती कोरडी, कडवट आहे. स्वतःच्या बागेकडे तो दुरून पाहत नाही, विकणाऱ्याच्या शेजारी उभा राहून पाहतो. ज्यांनी आपले वाडे उतरताना आणि त्या जागी सदनिका उभ्या राहताना पाहिल्या आहेत, त्यांना त्या कथेतली मुकी शरम ओळखू येईल. पुढे १९७२ साली त्याने जे पुस्तक लिहिले त्याचे बी मला इथे दिसते.

मधला काळ धावत्या पायांनी ओलांडू. १९६४ मध्ये हवानात त्याने एस्तेर सिंगर या अर्जेंटिनाच्या भाषांतरकार बाईंशी लग्न केले. त्या फेरीत जन्मगावही पाहिले. १९६५ मध्ये मुलगी झाली. १९६७ ते १९८० तो पॅरिसला राहिला. तिथे रेमाँ केनो आणि त्याचे मित्र गणिताचे नियम घालून साहित्य रचण्याचे प्रयोग करीत. उलिपो नावाच्या या मंडळात काल्व्हिनोही १९७३ साली रीतसर दाखल झाला. वृत्ताचे बंधन आपल्या पंडित कवींना कधी जाचले नाही. या लोकांना गद्यातही तसे बंधन हवे होते, इतकेच.

‘अदृश्य नगरे’ हे ते पुस्तक. काल्व्हिनो कागदांच्या घड्या वेगवेगळ्या पाकिटांत साठवीत असे. वस्तूंचे एक पाकीट, माणसांचे एक, तसे नगरांचे एक. मन उदास असेल त्या दिवशी उदास नगर, प्रसन्न असेल त्या दिवशी प्रसन्न. पाकीट भरले तेव्हा त्याने त्याला चौकट दिली: म्हातारा होत चाललेला सम्राट कुब्लाई खान आपल्या बागेत बसला आहे आणि व्हेनिसचा तरुण प्रवासी मार्को पोलो त्याला त्याच्याच साम्राज्यातली नगरे वर्णून सांगतो आहे. नगरे एकूण ५५, प्रत्येकाला बाईचे नाव. प्रकार ११, प्रत्येकात पाच नगरे, आणि सारे नऊ भागांत एका ठरावीक क्रमाने गुंफलेले. खरा मार्को पोलो १२७१ मध्ये व्हेनिसहून निघाला आणि १२९५ मध्ये परतला. त्याच्या प्रवासवृत्तात आपल्या कोकणपट्टीतल्या ठाण्याचाही उल्लेख आहे. काल्व्हिनोच्या पोलोची नगरे मात्र कुठल्याही नकाशात नाहीत. एक नगर दोन कड्यांमध्ये जाळ्यावर लोंबते. एक रोज सारे जुने फेकून नवे घेते आणि स्वतःच्याच कचऱ्याच्या डोंगरांनी वेढले जाते. एका नगरात घराघरांच्या कोपऱ्यांना नात्यांचे दोरे बांधतात, रक्ताचे एका रंगाचे, व्यापाराचे दुसऱ्या. दोरे इतके वाढतात की वाट उरत नाही, मग लोक घरे मोडून निघून जातात, मागे राहतात ते दोरे आणि त्यांचे खांब.

आरंभी पोलोला खानाची भाषा येत नाही. तो हातवारे करतो, वस्तू मांडून दाखवतो. भाषा आल्यावर वर्णन नेमके होते, पण त्या मुक्या खुणांतली गंमत खानाला पुन्हा सापडत नाही. दोघे बुद्धिबळ खेळतात. साम्राज्य म्हणजे अखेर एक पट असे ठरवू पाहणाऱ्या खानाला डाव जिंकल्यावर हाती उरतो तो लाकडाचा एक चौकोन, आणि पोलो त्या चौकोनाच्या रेषांत झाड, किडा, नदी, लाकूडतोडे सारे वाचून दाखवतो. एकदा खान विचारतो ते सर्वांत अवघड: तू तुझ्या व्हेनिसबद्दल का बोलत नाहीस? तेव्हा कळते की, पोलो आजवर दुसरे काही बोललाच नव्हता. आणि नाव घेऊन बोलले तर आठवण शब्दांत विरून जाईल, या भयाने त्याने ते नाव टाळले होते. या पुस्तकाला कथानक नाही, नायिका नाही, घटना नाहीत. तरी पान मिटवत नाही.

अशा पुस्तकाची संगीतिका व्हावी हे प्रथम ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटेल. पण काल्व्हिनोचे आणि संगीताचे नाते जुने होते. १९५८ पासून त्याने तुरिनच्या तरुण संगीतकारांसाठी गाणी रचली. लुचियानो बेरिओ या अग्रगण्य संगीतकाराबरोबर त्याने दोन मोठ्या ऑपेरांचे काम केले. पहिली १९८२ मध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात झाली. तिच्या दोन अंकांत बरेचसे शब्द तेच, संगीत आणि मांडणी मात्र निराळी. दुसरी १९८४ मध्ये साल्झबुर्गला झाली. सिंहासनावर जखडलेला राजा महालातले आवाज ऐकत राज्य सांभाळतो, ही काल्व्हिनोची मूळ कल्पना. बेरिओने ती मोडून राजाच्या जागी एक म्हातारा नाटकमालक आणला आणि संहिता पुष्कळच बदलली. काल्व्हिनोने आपला राजा निराळ्या कथेत जपून ठेवला. ती त्याच्यामागे पुस्तकात आली.

१९८५ मध्ये त्याला अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात सहा व्याख्याने द्यायची होती. उन्हाळ्यात तो समुद्रकाठच्या घरी बसून ती लिहीत होता. पाच लिहून झाली. ६ सप्टेंबरला मेंदूत रक्तस्राव झाला. सिएनाच्या जुन्या रुग्णालयात १८ आणि १९ सप्टेंबरच्या मधल्या रात्री तो गेला. वय ६१. कास्तिल्योने देल्ला पेस्काया या गावच्या दफनभूमीत त्याला पुरले. सहावे व्याख्यान कागदावर उतरलेच नाही.

‘अदृश्य नगरे’ची संगीतिका त्याच्या मृत्यूनंतर २८ वर्षांनी झाली. ख्रिस्तोफर सेरोनी या तरुण अमेरिकन संगीतकाराने विल्यम वीव्हर यांच्या १९७४ सालच्या इंग्रजी भाषांतरातून स्वतःच संहिता बेतली आणि यूव्हल शॅरन याने ती ऑक्टोबर २०१३ मध्ये लॉस एंजेलिसच्या युनियन स्टेशनवर, म्हणजे चालू रेल्वेस्थानकावर, बसवली. आपल्या संगीत नाटकात पदांच्या मध्ये गद्य संवाद असतात. इथे खान आणि पोलो गातच बोलतात, तेही रंगमंचाविना. ११ वादक स्थानकातल्या जुन्या उपाहारगृहाच्या दालनात, गायक आणि नर्तक प्रवाशांत मिसळलेले. तिकीट काढलेल्यांच्या कानांवर बिनतारी ऐकण्या; त्यांत सारे वाद्यसंगीत आणि गायन मिसळून ऐकू येई. कोणता गायक कोठे आहे हे ज्याने त्याने हिंडून शोधायचे. २०१४ च्या पुलित्झर पारितोषिकासाठी अखेरच्या फेरीत ही रचना पोचली.

या प्रयोगाबद्दल मतभेद आहेत. ऐकण्या कानांवर चढवून एकेकट्याने ऐकायचे तर नाटकाला जमण्याचा अर्थ काय, हा आक्षेप खोटा नाही. पण काल्व्हिनोच्या पोलोला स्थानकासारखी जागा मिळावी यात मला औचित्य दिसते. ज्यांनी ऐकण्या घातल्या नव्हत्या त्या प्रवाशांना साथसंगत काहीच ऐकू येत नसे. त्यांना दिसे एवढेच की, बाकावरचा एक माणूस उठला, कोणाकडे न पाहता एकटाच गाऊ लागला. मग ते गाडीची वेळ पाहून सामान उचलीत आणि फलाटाकडे चालू लागत.