शाळेत न गेलेले गाडगेबाबा

संध्याकाळी आपल्या गेटजवळच्या बाकांवर आम्हा ज्येष्ठांची जी बैठक बसते, तिच्यात गेल्या दिवाळीनंतर एक वाद चांगलाच रंगला. सोसायटीतल्याच एका मुलाने इंजिनीअरिंगचे शेवटचे वर्ष सोडून धंदा करायचे ठरवले होते. आजोबांचा जीव खालीवर. (त्यांना विचारूनच हे लिहितो आहे.) कोणी म्हणाले, डिग्री हवीच. कोणी म्हणाले, पैसा कमवायला डिग्री लागते कुठे? मग आमच्या एका मित्राने हुकमाचा पत्ता टाकावा तसे गाडगेबाबांचे नाव टाकले. बाबा शाळेची पायरी चढले नाहीत, तरी लाखोंच्या इमारती उभ्या केल्या, विद्यापीठाला त्यांचे नाव लागले. मग शाळेचे एवढे कौतुक काहून? सगळे गप्प झाले. मीही गप्प बसलो, पण रात्री झोप येईना. ज्यांना साक्षीला बोलावले, त्यांची साक्ष तर उलट बाजूची होती असे वाटत राहिले. स्मरणिकेसाठी लेख द्या असा निरोप आला, तेव्हा म्हटले, बाकावर राहून गेलेले इथे लिहावे.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, आपल्याच जिल्ह्यात, अंजनगाव सुर्जीकडच्या शेंडगावचा. जात परीट. वडिलांना दारूचे व्यसन, त्यात घर बसले आणि माणूसही लवकर गेला. आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली. दापुरे म्हणजे अकोला जिल्ह्यातले, मूर्तिजापूर तालुक्यातले गाव. तिथे मामाची ढोरं राखण्यात डेबूचे बालपण गेले. शाळा नाहीच.

पण अडाणी हा शब्द मी त्यांच्यासाठी वापरणार नाही. काळ्या जमिनीचे, बैलांचे, पावसापाण्याचे सगळे शिक्षण त्याने वावरातच घेतले. पूर्णेच्या पुरात पोहण्यात पटाईत. रात्री भजनात गळा मोकळा. अंगमेहनतीत दहा जणांना मागे टाकील असा गडी. मामाची शेती त्याच्या हाताने फुलली. आज आपण ज्याला अनुभवाचे शिक्षण म्हणतो, त्यात हा पोरगा पहिल्या वर्गात पास होता.

तरीही जमीन गेली.

चंद्रभान मामांनी सावकाराकडून कर्ज घेतले होते. फेडीचे पैसे जात राहिले, पण किती घेतले, किती फिटले, कागदावर काय चढले, हे घरात कोणालाच वाचता येत नव्हते. सावकार सांगेल तो हिशेब. शेवटी एक दिवस कळले की कर्ज फिटणे दूरच, शेतच सावकाराचे झाले आहे. मामांनी त्या धक्क्याने अंथरूण धरले ते पुन्हा उठले नाहीत. सावकाराची माणसे ताबा घ्यायला वावरात आली तेव्हा डेबू नांगर सोडून आडवा झाला आणि त्यांना धुऱ्याबाहेर हाकलून आला. गावात त्याचे नाव झाले. पण मनगटातल्या जोराने माणसे हाकलता येतात, कागद हाकलता येत नाही, हे त्याला त्या वयात पक्के कळले असणार. पुढची पन्नास वर्षे हा माणूस कीर्तनात कर्ज, सावकार आणि शाळा हे तीन विषय का सोडत नव्हता, याचे मूळ मला तरी दापुऱ्याच्या त्या शेतात दिसते.

इथे माझीही एक गोष्ट सांगतो. आजवर घरीसुद्धा सांगितलेली नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका ग्रामीण शाखेत पीककर्जाचे टेबल सांभाळायचो. मार्चअखेरची गर्दी होती. एक म्हातारे शेतकरी पुतण्याबरोबर आले होते. मी शाईचा पॅड पुढे केला, त्यांनी निमूट अंगठा दिला. पुतण्याच्या ओळखीसाठी आलो एवढीच त्यांची समजूत होती. आपण जामीनदार झालो, हे त्यांना मी सांगितले नाही. सांगायला दोन मिनिटे लागली असती. तीन वर्षांनी पुतण्या गाव सोडून गेला आणि वसुलीची नोटीस घेऊन त्यांच्या दारात मीच उभा राहिलो. त्यांनी भांडण केले नाही, मला पाणी दिले. त्या दिवसापासून प्रत्येक कागद मी अंगठ्याआधी वऱ्हाडीत वाचून दाखवू लागलो. रांग लांबायची, साहेबांची बोलणी बसायची. पण त्या म्हाताऱ्याचे पैसे काही त्याने परत आले नाहीत.

असो. बाबांकडे वळू.

१ फेब्रुवारी १९०५ ला डेबूजी घर सोडून निघाले. मागे म्हातारी आई, पत्नी कुंताबाई, लेकरे. संसार टाकून जाणाऱ्यांचे गोडवे आपण फार सहज गातो. कुंताबाईंनी पुढे झोपडीत जे दिवस काढले, त्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात झाडू आणि फुटके गाडगे, असा तो वेष. गावात शिरायचे ते झाडत. काम केल्याशिवाय भाकरी घ्यायची नाही. कोणी पाया पडायला आले की मागे सरायचे. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात माणसांची डोकी झाडायची.

पूर्णेकाठी ऋणमोचन आहे. पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. नदीकाठच्या चिखलात बायाबापड्या घसरून पडायच्या, म्हणून बाबांनी तिथे घाट बांधायला घेतला. ऋणमोचन म्हणजे कर्जातून सुटका. कर्जापायी शेत गेलेल्या माणसाचे पहिले मोठे काम त्या नावाच्या गावी व्हावे, याची मला बँकेच्या जीपमधून तिकडे वसुलीला जाताना दर वेळी गंमत वाटायची आणि थोडी लाजही.

त्यानंतर पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. सदावर्ते, गोरक्षण, वसतिगृहे, आश्रमशाळा किती सांगाव्यात. पंढरपूरला अस्पृश्य म्हणून ज्या वारकऱ्यांना कुठेच छप्पर मिळत नव्हते, त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली. हा सगळा पैसा झोळीतून आला. लोकांनी तो विश्वासाने का दिला? बँकेत आम्ही कर्जदाराची पत बघायचो. बाबांची पत अशी की देणाऱ्याच्या डोळ्यासमोर रुपयाची वीट व्हायची. आणि इमारत पुरी झाली की ती विश्वस्तांच्या हाती देऊन हा माणूस पुढच्या गावाला. आपल्या नात्यातल्या कोणाचा या मालमत्तेवर हक्क राहणार नाही, याची तजवीजही त्यांनी कागदोपत्री करून ठेवली. ८ फेब्रुवारी १९५२ ला गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली.

कागदोपत्री हा शब्द मी मुद्दाम लिहिला. ज्याला अक्षर येत नव्हते, त्याने कागदाचे महत्त्व कमी केले नाही, उलट लिहिणाऱ्या माणसांना गाठून सगळे पक्के करून घेतले. कागदावर विश्वास टाकून मामा बुडाले होते, म्हणून कागदाचाच राग धरावा असे त्यांना वाटले नाही.

त्यांनी हात दिला तोही शाळा काढणाऱ्यांना. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली. भाऊराव स्वतः मॅट्रिकसुद्धा नव्हते. तिचे सरकारी अनुदान थांबले तेव्हा बाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला. कराडला १९५४ साली रयतचे कॉलेज निघाले ते बाबांच्याच नावाने. आणि डॉ. आंबेडकर, ज्यांच्या पदव्या मोजताना आपली बोटे अपुरी पडतात, त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला बाबांनी १९४९ मध्ये पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा देऊन टाकली. एवढी मोलाची वास्तू द्यायची तर ती मुलांना शिकवणाऱ्याकडे जावी, असे त्या निरक्षर माणसाला वाटले. कीर्तनात ते सांगायचे की जेवायची ताटे मोडावी लागली तरी मोडा, भाकरी हातावर घेऊन खा, बायकोला हलके लुगडे घ्या, पण पोराला शाळेत घातल्याशिवाय राहू नका. शाळा नको असे त्यांच्या तोंडून निघाल्याचे मी कुठेही वाचले नाही, आणि त्यांची कीर्तने ऐकलेल्या माझ्या वडिलांकडूनही कधी ऐकले नाही.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे आणत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबांनी गाडीतच प्राण सोडला. समाधी आपल्या गाडगेनगरात आहे.

मी बी. कॉम. झालो तेव्हा आपली कॉलेजे नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. अमरावतीचे विद्यापीठ १९८३ ला झाले आणि २००५ पासून त्याला संत गाडगेबाबांचे नाव आहे. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम, या पाच जिल्ह्यांतल्या पोरापोरींच्या पदवीवर ते छापून येते. माझ्या नातीची पदवी आमच्या दिवाणखान्यात लावली आहे.

आता त्या मुलाचे. महिन्याभराने तो भेटला तेव्हा मी कॉलेजचा विषयच काढला नाही. धंद्यासाठी कर्ज घेणार का, एवढे विचारले. मंजुरीपत्र आलेय, उद्या सही करायचीय, म्हणाला. वाचले का, तर नाही. सगळ्यांचे तसेच असते म्हणाला. म्हटले, बापा, संध्याकाळी घेऊन ये. चौदा पाने होती, बारीक इंग्रजी. दोन संध्याकाळी लागल्या. नवव्या पानावर आजोबांचा फ्लॅट तारण लिहिला होता. त्याला ते माहीत नव्हते, आजोबांनाही नव्हते. सही त्याने पुढे ढकलली आहे आणि ते कलम काढून मिळते का, यासाठी त्याच्या चकरा चालू आहेत.