डिलाईल रोडला ज्यांचं नाव, ते ना. म. जोशी आपल्या गोरेगावचे

सव (ता. महाड) : महाड-पोलादपूरच्या गावांत गिरणीत काम केलेला माणूस नाही असं घर शोधावं लागेल. आजोबा, चुलते, कोणी ना कोणी डिलाईल रोडच्या चाळीत राहिलेलं असतंच. त्या रस्त्याची पाटी आता ना. म. जोशी मार्ग अशी आहे. पण हे जोशी कोण म्हणून विचारलं तर दहातले नऊजण गप्प बसतात.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म 5 जून 1879 चा, लोणेरे फाट्यावरून आत गेल्यावर जे गोरेगाव लागतं तिथला. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा. पुण्यात शिकून पदवीधर झाले, काही वर्षं मास्तरकी केली, आणि 1909 ला नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेले. 1911 ला मुंबईत सोशल सर्विस लीग काढली. कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने. आपल्या मंडळांची नाटकं जिथे रंगायची ते परळचं दामोदर हॉल याच लीगचं.

1919 ला ते हिंदुस्थानातल्या कामगारांच्या वतीने वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेला गेले, पुढच्याच वर्षी आयटक उभी करण्यात होते. 1921 पासून दिल्लीच्या कायदेमंडळात. तिथे ते निवडून गेले नव्हते, सरकारने नेमले होते. कारण मत द्यायचा हक्क तेव्हा जमीनजुमला आणि कर भरणाऱ्यांना. गिरणीतल्या माणसाला मतच नाही, मग त्याचा माणूस निवडून येणार कुठून? सुमारे 145 सभासदांत कामगारांचे म्हणून हे एकटे.

त्याआधीच्या कायद्यात नऊ वर्षांचं पोर कारखान्यात घेता येत होतं. 1922 ला दुरुस्ती झाली आणि ते वय बारा झालं. बारा म्हणजे आजच्या हिशेबाने सहावी-सातवीतलं पोर, म्हणजे फार मोठं काही मिळालं असं नाही. पण नऊ, दहा आणि अकरा वर्षांची पोरं त्या एका कायद्याने साच्यापासून बाजूला झाली.

खरी झुंज बाळंतिणींसाठी होती. त्या काळी गिरणीतली बाई बाळंतपणाला बसली की मजुरी बंद. गावी माहेरी आली तरी बंद, चाळीत राहिली तरी बंद. म्हणून दिवस भरेपर्यंत काम, आणि बाळंत झाल्यावर अंग सावरायच्या आत परत खात्यात. मागे बाळ रडू नये म्हणून त्याला अफूची गोळी देत. 1921 साली मुंबईत हजार जन्मांमागे साडेसहाशेहून जास्त तान्ही मुलं गेल्याची सरकारी नोंद आहे. बरीच बाळं गावाकडे जन्मलेली असल्याने जन्माचा आकडा कमी पडायचा, हे खरं. तो फरक धरला तरी आकडा वाचवत नाही.

जोशींनी 1924 ला बाळंतपणाच्या रजेचं आणि भत्त्याचं विधेयक मांडलं. कारखाने, खाणी, चहाचे मळे, सगळ्यांसाठी. सरकारचा विरोध होता, पुरेशी मतं मिळाली नाहीत आणि विधेयक पडलं. सभागृहात हात वर झाले नाहीत एवढंच दिसतं. पण खाणीतल्या आणि मळ्यातल्या बाईला त्याची किंमत पुढे किती वर्षं मोजावी लागली ते बघा.

मुंबईतल्या बायांचं त्यातल्या त्यात लवकर झालं. मुंबई कौन्सिलात 1928 ला तसंच विधेयक आलं, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला, 1929 ला कायदा झाला. मुंबईत दिवसाला आठ आणे, सात आठवड्यांपर्यंत. खाणीतल्या बायांसाठी दिल्लीचा कायदा यायला मात्र 1941 उजाडलं. म्हणजे जोशींच्या विधेयकानंतर सतरा वर्षं. आणि देशभर एक कायदा 1961 ला.

मधल्या काळात जोशी थांबले नाहीत. युनियन काढणाऱ्यावर मालक कोर्टात दावा लावायचे, त्याविरुद्ध त्यांनी 1921 ला ठराव आणला होता, त्यातून 1926 चा कामगार संघटना कायदा आला. रॉयल लेबर कमिशनवर होते, गोलमेज परिषदेलाही गेले. सगळ्यांना ते पटत होते असंही नाही. 1929 ला नागपूरला आयटक फुटली, ते बाहेर पडले आणि 1940 ला परत सरचिटणीस झाले. जहाल मंडळींना ते मवाळ वाटायचे. माझ्या मते मवाळ माणूस पंचवीसेक वर्षं तेच तेच मागत एकटा बसत नाही.

1947 पर्यंत ते त्या सभागृहात होते. 30 मे 1955 ला मुंबईत गेले. त्याला सहा वर्षं झाली आणि देशभराचा बाळंतपणाचा कायदा आला, तो त्यांना बघायला मिळाला नाही.