पैलवान हरिश्चंद्र बिराजदार

मराठवाड्यात जत्रा भरली की देवदर्शनानंतर लोकांची पावले आपोआप कुस्तीच्या फडाकडे वळतात. नांदेड जिल्ह्यात मार्गशीर्षात भरणारी माळेगावच्या खंडोबाची यात्रा असो, नाहीतर लातुरास महाशिवरात्रीला भरणारी सिद्धेश्वराची यात्रा असो. कुस्त्या झाल्याशिवाय यात्रा पार पडली असे कोणी मानीत नाही. नांगरून, ढेकळे फोडून भुसभुशीत केलेल्या वावरात दुपारपासून हलगी कडाडू लागते. आरंभी लहान मुले रेवड्यांसाठी आणि नारळासाठी झुंजतात. मग रोख इनामाच्या कुस्त्या होतात. दिवस कलताना शेवटची मानाची कुस्ती लागते आणि जो जिंकेल त्याच्या हातात चांदीचे कडे चढते. रेवड्यांपासून कड्यापर्यंत पोहोचणारी मुले थोडीच असतात. कड्याच्याही पलीकडे जाणारा एखादाच निघतो. हरिश्चंद्र माधवराव बिराजदार हे असे निघाले.

त्यांचा जन्म ५ जून १९५० रोजी निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड या गावी झाला. हा तालुका कर्नाटकाच्या सीमेला लागून आहे. आज तो लातूर जिल्ह्यात मोडतो. परंतु लातूर जिल्हा १९८२ साली झाला, त्यापूर्वी हा सर्व मुलूख उस्मानाबाद जिल्ह्यात होता. हरिश्चंद्रांच्या जन्माआधी दोनच वर्षे, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, निजामाच्या राजवटीतून मराठवाडा मुक्त झाला होता. शाळा, रस्ते, दवाखाने या साऱ्यांचीच तेव्हा वाण होती. तेथे कुस्तीसाठी सोयी कोठून असणार? गावोगावी तालमी होत्या खऱ्या, पण त्या बहुधा मारुतीच्या देवळाशेजारच्या एखाद्या अंधाऱ्या खोलीत. पोरांच्या अंगात रग भरपूर आणि डाव शिकविणारा वस्ताद मात्र क्वचित, अशी स्थिती होती.

ज्याला खरा मल्ल व्हावयाचे असेल, त्याने कोल्हापूरची वाट धरावी, हा त्या काळचा रिवाज होता. राजर्षी शाहू छत्रपतींनी त्या नगरीत कुस्तीला मोठा आश्रय दिला होता. त्यांनी बांधविलेले खासबाग मैदान १९१२ पासून मल्लांची पंढरी बनले होते. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत गावोगावची मुले येऊन राहत, स्वतःच्या हाताने स्वयंपाक करीत आणि पहाटेच्या काळोखात मेहनतीला उभी राहत. हरिश्चंद्रही कोल्हापुरास गेले. निलंग्याहून कोल्हापूर म्हणजे त्या दिवसांत जवळजवळ परमुलूखच. घरची भाकर, घरची बोली आणि ओळखीची माणसे मागे ठेवून मुलगा तेथे जाई, तो केवळ अंगातील बळाच्या भरवशावर.

तालमीतील जीवन बाहेरून दिसते तितके सोपे नसते. मल्लाचा दिवस पहाटे उजाडण्यापूर्वीच सुरू होतो. प्रथम हौद्यातील माती फावड्याने खालीवर करावयाची. ही तांबडी माती चाळून, तीत तेल, ताक, हळद, लिंबाचा रस घालून मऊ केलेली असते. शेतातील काळी माती ओली झाली की चिकटते आणि वाळली की टणक होते; म्हणून आपल्या शिवारात मुबलक माती असूनही मराठवाड्यातील तालमींना तांबडी माती बाहेरून आणावी लागे. माती उकरून झाली की जोर, बैठका आणि मग लढत. घामाने चिंब होईपर्यंत एकामागून एक जोडीदार अंगावर घ्यावयाचा. दुपारी विश्रांती आणि सायंकाळी पुन्हा तेच. त्यावर दूध, तूप, बदाम, थंडाई असा खुराक लागतो. ज्या घरात सणावारीच तूप दिसते, त्या घरातील मुलाला हा खर्च कसा झेपावा? मैदानात जिंकलेले इनाम खुराकात जाई आणि तो खुराक पुढील इनाम मिळवून देई. मध्येच हात किंवा गुडघा दुखावला तर हे रहाट थांबे. कुस्ती ही पैलवानाची हौस असते असे पाहणाऱ्यांना वाटते. पण पुष्कळांसाठी ती रोजची भाकरी होती आणि तीही फार थोड्या वर्षांची.

महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेने १९६१ पासून महाराष्ट्र केसरी हा किताब देण्यास प्रारंभ केला होता. राज्यातील सर्वांत बलाढ्य मल्ल कोण, हे ठरविणारी ही स्पर्धा दरवर्षी निरनिराळ्या गावी भरत असे. पहिली स्पर्धा मराठवाड्यातच, तेव्हाच्या औरंगाबाद शहरी झाली होती. १९६९ साली हा मान लातुरास मिळाला. हरिश्चंद्र तेव्हा अवघ्या एकोणीस वर्षांचे होते. त्यांच्यापूर्वी दोन वर्षे लागोपाठ हा किताब चंबा मुत्नाळ या नामवंत मल्लाने मिळविला होता. राज्याच्या कानाकोपऱ्यांतून मुरलेले पैलवान लातुरात उतरले होते. अशा मेळाव्यात, ज्या मुलखातून डाव शिकण्यासाठी बाहेर जावे लागले त्याच मुलखात, हरिश्चंद्र महाराष्ट्र केसरी ठरले. लातूरच्या बाजारात शेंगा आणि डाळी विकावयास येणाऱ्या शेतकऱ्यांना त्या दिवशी आपल्यातील एक पोर साऱ्या राज्याचा केसरी झालेला पाहावयास मिळाला. त्या आनंदाची किंमत करणे कठीण आहे.

पुढील वर्षी त्यांना सातासमुद्रापलीकडे जाण्याची संधी मिळाली. १९७० च्या जुलै महिन्यात स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरात राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा भरल्या. तेथील कुस्ती निराळी. लाल मातीऐवजी गादी, लंगोटाऐवजी अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि पायांत बूट. मातीतील कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लावल्यावाचून जय नाही, मग त्याला कितीही वेळ लागो. गादीवर मात्र ठरावीक मिनिटांच्या फेऱ्या असतात आणि प्रत्येक पकडीला गुण मिळतात. जो सावकाश, दम राखून लढण्यास शिकला आहे, त्याला घड्याळाच्या काट्याशी झुंजावे लागते. मातीवरील कित्येक बलदंड मल्ल गादीवर गोंधळून गेलेले आहेत. हरिश्चंद्र गोंधळले नाहीत. त्यांनी आपल्या वजनगटात सुवर्णपदक मिळविले. त्या स्पर्धांत भारताने एकंदर पाच सुवर्णपदके जिंकली आणि ती पाचही कुस्तीतील होती. त्यांपैकी एक निलंगा तालुक्यातील वीस वर्षांच्या तरुणाचे होते.

१९७२ साली त्यांना रुस्तुम-ए-हिंद हा किताब मिळाला. त्याच वर्षी महाराष्ट्रावर, विशेषतः मराठवाड्यावर, भयंकर दुष्काळ ओढवला. विहिरी आटल्या, गुरे चाऱ्यावाचून तडफडू लागली आणि चांगली खातीपीती कुटुंबेही दुष्काळी कामावर खडी फोडण्यास गेली. जेथे माणसाला पोटभर ज्वारी मिळेना, तेथे तालमीतील मुलांना दूधतूप कोठून मिळावे? अशा वर्षांत किती होतकरू मल्लांनी लंगोट खुंटीला टांगला असेल, त्याची नोंद कोठेही नाही.

यानंतरचा मोठा प्रसंग १९७७ सालचा. दिल्लीच्या सतपाल या तरुण मल्लाचे नाव त्या दिवसांत साऱ्या देशात गाजत होते. सतपाल हे गुरू हनुमान यांचे पट्टशिष्य. बिर्ला गिरणीजवळच्या गुरू हनुमानांच्या आखाड्याने उत्तर हिंदुस्थानाला पुष्कळ नामांकित मल्ल दिले होते आणि सतपालांनी १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धांत रौप्यपदक मिळविले होते. उंचीने, वजनाने आणि उमेदीने ते ऐन भरात होते. महाराष्ट्राच्या मैदानांवर त्यांच्या कुस्त्या लागत आणि त्यांना कोण अडविणार याची चर्चा तालमीतालमींतून चाले. बेळगाव येथे त्यांची जोड हरिश्चंद्रांशी ठरली.

हरिश्चंद्र सत्ताविशीच्या उंबरठ्यावर होते. इतरांच्या दृष्टीने हे तारुण्यच. पण पैलवानाच्या आयुष्याचे माप वेगळे असते. महाराष्ट्र केसरीचा मान मिळून आठ वर्षे लोटली होती. समोरचा मल्ल वयाने लहान होता. प्रेक्षकांपैकी पुष्कळांना सतपालांचेच पारडे जड वाटत होते. कुस्ती केवळ दोन मल्लांची राहिली नव्हती, उत्तरेची आणि दक्षिणेची झाली होती. बेळगाव परिसरातील मराठी रसिकांचा जीव तर तीत गुंतला होता. हरिश्चंद्र हरले असते तर लोकांनी त्यांना दोष दिला नसता, पण त्यांचा काळ संपला असे मात्र सर्वांनी मनाशी धरले असते. पैलवानाला पराभवापेक्षा हीच गोष्ट अधिक झोंबते.

मातीतील मोठ्या कुस्तीत पहिली काही मिनिटे पाहणाऱ्याला काहीच घडत नाही असे वाटते. दोघेही मल्ल मानेवर हात टाकून एकमेकांना जोखीत असतात. कोणाचा श्वास आधी फुलतो, कोणाचा पाय आधी उचलतो, याचाच तो शोध असतो. बळाने थोडा उणा असलेला मल्लही येथे तग धरू शकतो. मात्र त्याने घाई करता कामा नये. तरुण मल्लाला लवकर निकाल हवा असतो. अनुभवी मल्ल त्याची चूक होण्याची वाट पाहतो आणि ती झाली की दुसऱ्या संधीची अपेक्षा धरीत नाही. बेळगावच्या त्या मैदानात हरिश्चंद्रांनी सतपालांना हरविले. ही वार्ता महाराष्ट्रभर पसरली आणि आजही जुन्या कुस्तीशौकिनांच्या बैठकीत त्या लढतीचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. सतपालांच्या थोरपणाला या पराभवाने बाध आला नाही, हेही सांगितले पाहिजे. त्यांनी पुढे १९८२ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक जिंकले आणि उत्तम शिष्यही घडविले.

मैदान सुटल्यावर पैलवानाने काय करावे, हा प्रश्न अवघड आहे. खुराकाची सवय झालेले शरीर, अर्धवट राहिलेले शिक्षण आणि आटत चाललेले इनाम, यांत अनेक मल्लांचे उत्तरायुष्य कष्टात गेले. हरिश्चंद्रांनी वस्तादकी पत्करली. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत ते मुलांना शिकवू लागले. येथे येणारी मुले बहुतेक त्यांच्यासारखीच, दूरच्या खेड्यांतून आलेली. ती सारी त्यांना मामा म्हणत आणि पुढे महाराष्ट्रातील कुस्तीक्षेत्रात ते याच नावाने ओळखले गेले. वस्तादाला काका किंवा मामा म्हणण्यात नुसता आदर नसतो. घर सोडून आलेल्या मुलाला आजारपणात पथ्याचे कोणी करून घालावे, चुकले तर कोणी दटवावे, ही अपेक्षाही त्यात असते.

एडिंबरोतील अनुभव त्यांना येथे उपयोगी पडला. नुसत्या मातीवर विसंबून जगात निभाव लागणार नाही, हे त्यांना स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होते. लातूर जिल्ह्यातील साई गावचे काका पवार हे त्यांचे शिष्य; ग्रीको-रोमन कुस्तीत त्यांनी नाव मिळविले आणि त्यांना अर्जुन पुरस्कार लाभला. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे हा मुलगा असाच मामांच्या हाताखाली आला. मराठवाड्यातील मुलांना आता परमुलखात आपले माणूस भेटत होते. २००६ साली भारत सरकारने ध्यानचंद पुरस्कार देऊन हरिश्चंद्रांचा गौरव केला.

१४ सप्टेंबर २०११ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. राहुल आवारे तेव्हा ऐन उमेदीच्या वयात होता. त्याच्या शिक्षणाचा भार काका पवारांनी उचलला. १२ एप्रिल २०१८ रोजी ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे राष्ट्रकुल स्पर्धांत ५७ किलो वजनगटात राहुलने सुवर्णपदक जिंकले आणि ते आपल्या दिवंगत गुरूंना, हरिश्चंद्र बिराजदारांना, अर्पण केले. एडिंबरोच्या पदकानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी त्याच स्पर्धांतील सोने त्याच तालमीच्या परंपरेत आले होते.

जानेवारी २०२० मध्ये पुण्याजवळील बालेवाडीस महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली. एका बाजूस नाशिककडून लढणारा हर्षवर्धन सदगीर आणि दुसऱ्या बाजूस लातूर जिल्ह्याचा शैलेश शेळके. दोघेही काका पवारांचे शिष्य, एकाच तालमीत रोज एकमेकांशी लढणारे. सदगीर जिंकला. पंचांनी त्याचा हात उंचावल्यावर त्याने हरलेल्या शेळकेला आपल्या खांद्यावर घेतले आणि त्याला तसाच घेऊन तो मैदानावरून फिरला.